बारा आकडे : मोटारीच्या स्टार्टरचा संध्याकाळचा वर्ग कसा चालवावा

ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळेस मोटार बंद पडते. मिस्त्री दोन दिवसांनी येतो, हिरवं बटण दोनदा दाबून बघतो आणि सांगतो, "मोटार काढावी लागंल." पाचशे फुटांच्या बोअरमधून पाईप, केबल आणि मोटार वर काढायची म्हणजे गाडी आली, माणसं आली, एक दिवस गेला. दुकानात नेऊन तपासली की कित्येकदा मोटार चांगलीच निघते. दोष असतो स्टार्टरच्या, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या, काळ्या पडलेल्या एका काँटॅक्टमध्ये (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्टीत), नाहीतर बोअरच्या तोंडाशी केसिंगच्या (बोअरच्या वरच्या पाईपच्या) काठाला घासलेल्या केबलमध्ये. हे दोन्ही दोष जमिनीवर उभं राहून अर्ध्या तासात सापडतात.

म्हणून मराठवाड्यातल्या एखाद्या गावात प्रौढांसाठी संध्याकाळचा एकच कौशल्यवर्ग काढायचा असेल, तर तो स्टार्टर आणि केबल तपासण्याचा काढावा असं माझं ठाम मत आहे. मोटार भरायला, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेचं वायंडिंग करायला, या वर्गात शिकवू नये. त्याला महिनोन् महिने हात बसावा लागतो आणि अर्धवट शिकलेल्या हातानं भरलेली मोटार दुसऱ्यांदा जळते. बिघाड नेमका कुठं आहे हे ठरवणं मात्र दहा संध्याकाळी आणि दोन रविवार एवढ्यात पक्कं येतं, आणि शिकलेला माणूस ते पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या शेतात वापरतो. दिवसभर राबून आलेला माणूस अशा वर्गाला टिकतो.

वर्गाचं उद्दिष्ट एका वाक्यात फळ्यावर लिहून ठेवता येतं : मोटार काढायच्या आधी बारा आकडे घ्यायचे. स्टार्टरवर येणारे तीन व्होल्टेज, चालू मोटारीचे तीन करंट, लाईट बंद करून केबलवर मापलेले वायंडिंगचे तीन रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध), आणि प्रत्येक वायर ते अर्थ (जमीन) असे इन्सुलेशनचे, म्हणजे वायरवरच्या आवरणाचे, तीन. चार मापं, प्रत्येकी तीनदा. पहिल्या संध्याकाळपासून शेवटच्या रविवारपर्यंत जे काही शिकवायचं ते या बारा आकड्यांसाठी. "विद्युत म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह" इथून सुरुवात केली की तिसऱ्या दिवशी निम्मे लोक येत नाहीत.

कधी भरवायचा

वेळापत्रक हे या वर्गाचं सगळ्यात नाजूक अंग आहे. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी आलटूनपालटून येते. ज्याची रात्रपाळी आहे तो साडेसातला वर्गात बसला तरी त्याचं लक्ष घड्याळाकडं असतं. एकाच गावात दोन फिडर (विजेच्या वेगवेगळ्या लाईन) असले तर अर्ध्यांची दिवसपाळी आणि अर्ध्यांची रात्रपाळी असते. आधी फिडरप्रमाणे यादी करा, दिवसपाळीच्या आठवड्यातच वर्ग ठेवा आणि आठवडी बाजाराचा दिवस सोडा.

वर्षातले दोन काळ चांगले. एक, पोळ्यानंतर सोयाबीन काढणीला येईपर्यंतचा. मोटारी त्या काळात बहुतेक बंद असतात, त्यामुळं स्वतःचा स्टार्टर उचलून वर्गात आणायला कुणाची हरकत नसते, आणि रब्बीचं पहिलं पाणी सुरू व्हायच्या आत तो दुरुस्त होऊन जागेवर जातो. दुसरा, एप्रिलच्या मध्यापासून मृग निघेपर्यंतचा. बीड, जालना, धाराशिवकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तोवर परतलेली असतात. या काळात लग्नतिथी बघूनच तारखा धराव्यात. दाट तिथीच्या आठवड्यात सोळातले चार जण येतात आणि राहिलेल्या बारांसाठी तोच धडा पुन्हा घ्यावा लागतो. नवरात्रात वर्ग ठेवूच नये, अर्धं गाव तुळजापूरच्या वाटेवर असतं.

रोज दोन तास पुरे. साडेसात ते साडेनऊ, मधे चहा.

बायकांसाठी ही वेळ कामाची नाही. सहा ते आठ हा त्यांचा स्वयंपाकाचा वेळ, आणि नंतर रात्री शाळेपर्यंत एकटीनं येणं-जाणं घरच्यांना पटत नाही. त्यांची वेगळी तुकडी रविवारी दुपारी एक ते चार ठेवावी, आणि लहान लेकरं सोबत येणार हे गृहीत धरून शेजारची खोली उघडी ठेवावी. पुरुष माणूस गावात नसताना मोटार चालू-बंद करणारी बाईच असते, ओल्या हातानं, ओल्या बांधावरून. तिला हे यायलाच पाहिजे. महिला तुकडीला नुसतं "बटण कसं दाबायचं" शिकवून मोकळं होऊ नये; बारा आकडे त्यांनाही तेच.

टेबल आणि सामान

सोळापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. चार टेबलं, एका टेबलावर चौघं, प्रत्येक टेबलाला एक स्टार्टर. चौघांत दोघं वायर लावतात, एक जण मीटर धरतो, एक वाचतो आणि लिहितो. दर अर्ध्या तासाला जागा बदलायची. टेबलावर पाच-सहा झाले की दोघं नुसते बघत राहतात.

स्टार्टर नवे आणायची गरज नाही. मोटार भरणाऱ्याकडं आणि भंगारवाल्याकडं जळके स्टार्टर पडलेले असतात, आणि शिकायला जळकेच बरे. काळा काँटॅक्ट, वितळलेलं टर्मिनल, गंजलेला गाभा हे सगळं त्यात आयतं मिळतं. त्याशिवाय चार मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मापणारा), ५०० व्होल्टचा एक मेगर (इन्सुलेशन मापणारा मीटर), चार पक्कडी, चार पेचकस, दीड चौरस मिलिमीटरची वायर लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगात, आणि एक जळकी पाणबुडी मोटार. ती मोटार कापून उघडी ठेवावी. काळी पडलेली वायंडिंग एकदा डोळ्यांनी बघितली की ओव्हरलोडचं (करंट जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या रिलेचं) सेटिंग का वाढवायचं नाही हे वेगळं समजावावं लागत नाही.

प्रत्येक टेबलाला एक सिरीज बोर्ड लागतो. लाकडी फळीवर होल्डर, स्विच आणि सॉकेट. फेज स्विचमधून बल्बमध्ये आणि बल्बमधून सॉकेटमध्ये, न्यूट्रल सरळ सॉकेटला. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. आता सॉकेटला लावलेल्या वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, मधे कुठं वायर तुटली असेल तर पेटतच नाही, आणि सगळं ठीक असेल तर मिणमिणतो. १०० वॅटच्या बल्बमधून २३० व्होल्टवर फार तर ०.४३ ॲम्पियर जातो, त्यामुळं शिकणाऱ्याची जोडणी चुकली तरी ना ठिणगी ना फ्यूज. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी निक्षून सांगा : सिरीज बोर्ड शॉर्टपासून वाचवतो, शॉकपासून नाही. ०.४३ ॲम्पियर माणसाला मारायला पुष्कळ झाला. सगळ्या टेबलांच्या मागं ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईट तोडणारा स्विच) हवाच. तो नसेल तर त्या दिवशी वर्ग भरवू नये.

गावातल्या शाळेत लाईट सिंगल फेज असते आणि शेतीच्या स्टार्टरची कॉईल दोन फेजमध्ये लावायची, म्हणजे ४१५ व्होल्टच्या घरातली असते. ती शाळेत ओढली जाणार नाही. म्हणून चार काँटॅक्टर (कॉईलनं ओढला जाऊन मोटारीची लाईन जोडणारा स्टार्टरमधला स्विच) २३० व्होल्ट कॉईलचे मागवून घ्या. जोडणी तीच राहते. सिरीज बोर्डवर काँटॅक्टर नीट ओढला जाईलच असं नाही, तो खडखडू शकतो. जोडणी आधी सिरीजवर तपासायची, शॉर्ट नाही असं दिसलं की शिकवणाऱ्यानं स्वतः आरसीसीबी आणि ६ ॲम्पियरच्या एमसीबीमागच्या सरळ लाईनवर द्यायची.

पहिल्या चार संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी कागद नाही, पेन नाही. स्टार्टर खोलायचा, बोट ठेवून वाट दाखवायची. लाल सुतळी घ्या आणि कंट्रोलची वाट फळीवर आखा : एका फेजपासून लाल बटण, तिथून हिरवं बटण, तिथून कॉईलचं एक टोक, कॉईलच्या दुसऱ्या टोकापासून ओव्हरलोडचा काँटॅक्ट, आणि तिथून दुसऱ्या फेजला. लाल बटण एरवी जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं. हिरवं एरवी तुटलेलं असतं आणि दाबलं की जुळतं. हिरव्याला समांतर काँटॅक्टरचा स्वतःचा एक छोटा काँटॅक्ट असतो. कॉईल ओढली गेली की तो जुळतो, म्हणून बोट काढलं तरी मोटार चालू राहते. एवढं कळलं की अर्धा स्टार्टर कळला.

अक्षरओळख कमी असलेली माणसंही या वर्गात चांगली चालतात, फक्त स्टार्टरवरच्या खुणा त्यांना चित्रासारख्या ओळखू आल्या पाहिजेत. कॉईलची ए१-ए२, ओव्हरलोडची ९५-९६, धरून ठेवणाऱ्या काँटॅक्टची १३-१४, आणि एनओ-एनसी (एरवी तुटलेला, एरवी जोडलेला). एवढ्या खुणा पुठ्ठ्यावर मोठ्या काढून भिंतीला लावा. आणखी एक : वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत "चुकलं" म्हणू नये. "काका, हा आकडा पुन्हा एकदा घ्या बरं," एवढं पुरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बिघाड घालायला लागा. शिकवणाऱ्यानं चहाच्या वेळी प्रत्येक स्टार्टरमध्ये एक दोष लपवायचा आणि टेबलानं तो मीटरनं शोधायचा. हिरवं बटण दाबून धरलं तरच चालतो आणि सोडलं की बंद पडतो, तर १३-१४ किंवा त्याची वायर. बटण दाबलं तरी काहीच हालचाल नाही, तर आधी लाईट बघायची, मग ओव्हरलोड ट्रिप आहे का, मग लाल बटण जुळतंय का, आणि सगळ्यात शेवटी कॉईल. बहुतेकांचा हात आधी कॉईलकडं जातो, कारण ती दिसते. काँटॅक्टर खडखड करतो, तर एक तर व्होल्टेज कमी आहे, किंवा गाभ्याच्या तोंडावर धूळ-गंज बसलाय, किंवा गाभ्यातली तांब्याची छोटी कडी तुटलीय. ही कडी दाखवून ठेवा. ती तुटलेला काँटॅक्टर कितीही घासला तरी गप्प बसत नाही.

काँटॅक्ट घासण्याबद्दल एक सवय मोडावी लागते. काळा पडलेला चांदीचा काँटॅक्ट लोक कानस किंवा खरखरीत पॉलिश पेपर घेऊन चकचकीत करतात. वरचा चांदीचा थर त्यानं निघून जातो आणि काँटॅक्ट लवकरच चिकटायला लागतो. नुसता काळेपणा असेल तर कोरड्या कापडानं पुसणं पुरे. खड्डे पडले असतील तर तिन्ही काँटॅक्ट एकदम बदलायचे, एकटाच नाही.

एक फेज गेला म्हणजे काय होतं

एक पूर्ण रविवार फक्त यासाठी ठेवा, कारण मोटारी जळण्याचं मोठं कारण हेच. त्यासाठी थ्री फेज लागते. पिठाच्या गिरणीत ती असते आणि रविवारी सकाळी गिरणी बंद ठेवता येते. मालकाची परवानगी आणि लायसनवाला वायरमन सोबत असला पाहिजे.

आधी तीन पिवळे बल्ब स्टारमध्ये जोडा : तिघांची एकेक टोकं एकत्र, उरलेली तीन टोकं तीन फेजला, न्यूट्रल जोडायचा नाही. प्रत्येकाला २४० व्होल्ट मिळतात. एका फेजमध्ये आधीच एक एकेरी स्विच टाकून ठेवा आणि तो बंद करा. फ्यूज ओढून दाखवू नका, ठिणगी उडते. आता एक बल्ब विझतो आणि उरलेले दोन ४१५ व्होल्टवर एकापाठोपाठ एक असे येतात, म्हणजे प्रत्येकी साधारण २०७ व्होल्ट. ते थोडे मंद होतात, इतकंच. शेतात नेमकं हेच होतं : एक फेज गेलेला असतो आणि मोटार चालूच असते.

मग एक एचपीची थ्री फेज मोटार बिनभार चालवा आणि तोच स्विच बंद करा. मोटार थांबत नाही, आवाज जरासा बदलतो. आता गेलेल्या फेजच्या मोटारीकडच्या टर्मिनलवर टेस्टर लावा. तो पेटतो! फिरणारी मोटार त्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते. मोटार बंद करून पुन्हा चालू केली तर ती नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि तेव्हाही वायंडिंगमधून आलेल्या व्होल्टेजमुळं टेस्टर तिन्ही टोकांवर पेटतो. (गुरगुरली की दोन-तीन सेकंदांत बंद करा.) "टेस्टर लावून बघितला, तिन्ही फेज हायेत," या वाक्याचं काय खरं आणि काय नाही, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसतं. फेज मापायचे ते मोटार बंद ठेवून, मल्टिमीटरनं, दोन-दोन फेजच्या मधे.

नो-व्होल्ट कॉईल (लाईट गेली की स्टार्टर सोडणारी, म्हणजे तीच काँटॅक्टरची कॉईल) हे रोखत नाही का, असा प्रश्न हमखास येतो. कॉईल दोनच फेजमध्ये असते. तिसरा फेज गेला तर तिला कळतच नाही. तिच्याच दोनांपैकी एक गेला तरी चालू मोटारीतून उलट येणाऱ्या व्होल्टेजवर ती धरून राहू शकते, कारण शेतीच्या स्टार्टरची कॉईल कमी व्होल्टेजवरही सुटू नये अशीच बनवलेली असते.

ओव्हरलोड तरी? एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरमधला करंट त्याच भाराला साधारण १.७३ पट होतो. मोटार पूर्ण भारावर चालत असेल तर साधा ओव्हरलोड ट्रिप होईल. पण ती ६० टक्के भारावर असेल तर ०.६ गुणिले १.७३ म्हणजे १.०४. करंट मोटारीच्या प्लेटवर लिहिलेल्या ॲम्पियरच्या जेमतेम वर, रिले शांत, आणि वायंडिंगचा काही भाग मात्र भाजत राहतो. त्यात कुणी सेटिंग ९ वरून १२ वर नेलेलं असेल तर विचारायलाच नको.

म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) लागतो, आणि त्यातही फरक आहे. फक्त व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) गेलेला फेज ओळखतो, पण स्टार्टरच्या पुढं केबलची एक वायर तुटली तर त्याला ते दिसत नाही. करंट बघणाऱ्याला दोन्ही दिसतं. दरात फरक असला तरी दुसराच घ्यावा. प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून वायर मारून त्याला बाजूला काढणं, किंवा कन्डेन्सर लावून दोन फेजवर मोटार दामटणं, हे गावोगाव चालतं. पूर्ण भाराची मोटार त्यावर तापणारच. वर्गात हे जळक्या वायंडिंगसमोर उभं राहून बोलावं.

ओव्हरलोडचं सेटिंग मोटारीच्या प्लेटवरच्या ॲम्पियरला लावायचं. पाच एचपीच्या साध्या मोटारीला ४१५ व्होल्टवर साडेसात ॲम्पियरच्या आसपास, पाणबुडीला त्याहून जास्त. अंदाज न करता प्लेट वाचायची. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (वायंडिंगची जोडणी बदलत मोटार सुरू करणाऱ्या) रिले वायंडिंगच्या वाटेवर असेल तर प्लेटच्या आकड्याच्या ५८ टक्के. ११ ॲम्पियरची मोटार असेल तर सेटिंग ६.४. स्टार-डेल्टाला थेट ११ लावलेले स्टार्टर पुष्कळ दिसतात, आणि ते रिले नसल्यासारखेच.

आकडे वाचायला शिकवणं

मापणं दोन दिवसांत येतं, वाचायला वेळ लागतो. व्होल्टेज तिन्ही जवळपास सारखे हवेत. त्यांच्यातला २ टक्क्यांचा असमतोल करंटमध्ये १२ ते २० टक्क्यांचा असमतोल करू शकतो. करंट तिन्ही सारखे पण नेहमीपेक्षा बरेच कमी, तर बोअरचं पाणी खाली गेलंय किंवा मोटार उलटी फिरतेय. उलटी असेल तर कोणतेही दोन फेज आपसांत बदलायचे. तिन्ही करंट जास्त असतील तर पंपात वाळू अडकली असेल, नाहीतर व्होल्टेज पडलंय.

रेझिस्टन्स मापताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, आणि मोटारीच्या वायर स्टार्टरमधून सोडवायच्या. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून जो आकडा येतो तो वजा करायचा. तिन्ही आकडे सारखे आले की वायंडिंग आणि केबल सलग आहे. दोन आकडे अनंत आणि एक बरोबर आला, तर दोन्ही अनंत आकड्यांत जी वायर सामाईक आहे ती तुटलेली. तिन्ही अनंत असतील तर किमान दोन वायर तुटल्या आहेत. एक आकडा इतर दोनांपेक्षा स्पष्ट कमी, तर वायंडिंगमध्ये शॉर्ट. तेव्हा खुशाल मोटार काढा.

इन्सुलेशन मेगरनं, प्रत्येक वायर ते अर्थ; केसिंग लोखंडी असेल तर केसिंगला लावलं तरी चालतं. एक मेगओहमच्या खाली आलं तर ओल शिरलीय. ओल केबलमध्ये की मोटारीत, हे मोटार न काढता निम्मं कळतं : बोअरच्या तोंडाजवळचा जोड सोडवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापा. स्टार्टरकडची बाजू खराब निघाली तर मोटारीला हात लावायचं कारण नाही. बोअरकडची खराब निघाली तरी आधी वरच्या दहा-बारा फुटांत, केसिंगच्या काठाशी केबल नीट बघायची.

सिंगल फेजच्या छोट्या बोअर मोटारीला एक संध्याकाळ द्या. तीन वायरमध्ये कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग ओळखायचं. रनिंग-स्टार्टिंगचा आकडा सगळ्यात मोठा आणि तो बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका. उरलेल्यात कॉमन-स्टार्टिंग मोठा, कॉमन-रनिंग लहान. रंगावर भरवसा ठेवू नका, मधे जोड मारलेल्या केबलचे रंग बदललेले असतात. पॅनलमधला कन्डेन्सर मापण्याआधी डिस्चार्ज करायचा तो पेचकस आडवा घालून नव्हे, होल्डरमधल्या पिवळ्या बल्बच्या दोन वायर लावून.

केबलचा जोड

जोड प्रत्येकानं स्वतःच्या हातानं किमान तीनदा मारावा. तीन वायर एकाच ठिकाणी कापायच्या नाहीत. पाच-पाच सेंटिमीटरच्या अंतरानं मागं-पुढं कापल्या की जोड एकमेकांशेजारी येत नाहीत आणि गाठ जाड होत नाही. प्रत्येक वायर चार सेंटिमीटर सोलायची, तांबं घासून चकचकीत करायचं, टोकं एकमेकांवर उलटसुलट घट्ट वळवायची आणि शिशाचा टाका द्यायचा. वर आपोआप चिकटणारी रबर टेप, ताणून जवळजवळ दुप्पट लांब करत, प्रत्येक वळसा आधीच्या निम्म्यावर. ही ताणलीच नाही तर थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि पाणी आत जातं. पीव्हीसी टेप फक्त वरून संरक्षणासाठी. नुसत्या पीव्हीसी टेपचा जोड पाण्यात सुटतोच. सगळा जोड बादलीत बुडवून रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक वायर ते बादलीतलं पाणी असा मेगर लावायचा. ज्याचा जोड या परीक्षेत उतरतो त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठं असतं.

केबल किती जाडीची हेही इथंच घ्या. १० ॲम्पियरची मोटार २५० मीटरवर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये साधारण २६ व्होल्ट पडतात, चार चौरसमध्ये १६. डीपीवरच ३६० व्होल्ट येत असतील तर हा १० व्होल्टचा फरक मोटार उचलते की गुरगुरते हे ठरवतो.

जिवाचं

डीपीला हात लावायचा नाही. डीओ (खांबावरचा फ्यूज) पडला, फ्यूज गेला, पीक वाळत असलं तरीही. ते काम महावितरणच्या माणसाचं, आणि वर्गात कुणी कितीही आग्रह केला तरी ते शिकवायचं नाही. सौर पंपाचा कंट्रोलरही उघडू नये. दिवसा पॅनलची लाईन बंद करता येत नाही आणि तिथला डीसी कित्येक शे व्होल्टचा असतो.

स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग हवं, ८ नंबरच्या जीआय तारेनं. काळ्या रानात पावसाळ्यात अर्थ चांगला मिळतो, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तोच अर्थ निकामी होतो. खड्डा विहिरीच्या किंवा पाटाच्या ओलीजवळ घ्यावा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतावं.

अर्धी संध्याकाळ शॉक लागलेल्या माणसासाठी. आधी लाईट बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं दूर करायचं, १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब : मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. गोधडी भरलेल्या पोत्यावर प्रत्येकानं दोन मिनिटं करून बघावं. दोन मिनिटांत घाम येतो, म्हणून दोघांनी आळीपाळीनं करायचं हेही तिथंच कळतं.

कुणाकडं जायचं

संध्याकाळच्या शाळेची कल्पना आपल्याकडं जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आजची जनशिक्षण संस्था ही १९६७ मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाचा पुढचा अवतार. ती आता केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाखाली आहे आणि १५ ते ४५ वयाच्या, शाळा अर्ध्यात सुटलेल्या किंवा न शिकलेल्या लोकांसाठी आहे. जिल्ह्यात ती असेल तर आधी तिथं विचारा, नाहीतर जवळच्या आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडच्या निदेशकांना भेटा. पीएम विश्वकर्मा योजनेतून हा वर्ग होईल का, असं बरेच जण विचारतात; तिच्या १८ व्यवसायांत मोटार-दुरुस्ती नाही. आणि वर्ग केला म्हणजे वायरमनचं लायसन मिळालं असं होत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. लोक स्वतःच्या शेतापुरतं शिकायला आलेले असतात, त्यांना ते चालतं.

शेवटच्या रविवारी प्रत्येकानं स्वतःच्या शेतात जाऊन, जोडीदार सोबत घेऊन, चांगल्या चालणाऱ्या मोटारीचे बारा आकडे घ्यायचे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर बारा चौकोन, वर तारीख, खाली प्लेटवरचे ॲम्पियर, आणि तो पुठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरच्या पेटीच्या दारामागं टांगायचा. मोटार ठीक असतानाचे आकडे हाताशी नसतील तर बिघाडाच्या वेळी घेतलेल्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? पुढं दर रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी त्याच पुठ्ठ्यावर नवी ओळ लिहायची. आणि मिस्त्री "मोटार काढावी लागंल" म्हणाला, की आधी त्याच्यापुढं तो पुठ्ठा धरायचा.